भाच्याच्या जिभेवर पांढरे चट्टे, गुटखा-तंबाखू काही नाही. नखं आणि रक्ताशी संबंध असू शकतो का?

निशिगंधा_क

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय आणि लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या ताईचा मुलगा, वय १६, अकरावीला, कराडला असतात. गेल्या दिवाळीपासून त्याच्या जिभेवर पांढरे चट्टे आहेत, एक डाव्या कडेला चांगला नखाएवढा आणि मधे दोन बारके. दुखत नाही पण तिखट लागलं की झोंबतं, मिसळ सोडलीय पोराने यावरून ओळखा. डेंटिस्टकडे नेलं तर त्यांनी टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न, काय रे गुटखा का मावा? तो नाही म्हणाला तर म्हणे सगळे आधी नाहीच म्हणतात. झालं, घरी येऊन दाजींनी त्याचं दप्तर उपसलं, त्यात आवळा सुपारीचं पाकीट सापडलं (ज्यात सुपारी नसतेच, वाळवलेला आवळा असतो, पण ऐकतंय कोण) आणि पोराच्या कानाखाली बसली. तेव्हापासून तो बापाशी बोलत नाही.

आता बाकीचं. त्याची नखं तिसरी-चौथीत असल्यापासून खराब आहेत, उभ्या चिरा, टोकाला पापुद्रे सुटतात, पायाच्या करंगळीचं तर नख जवळजवळ उरलेलंच नाही. फंगस म्हणून गोळ्या झाल्या, लावायचं औषध झालं, फरक शून्य. मानेवर आणि गळ्याच्या खाली काळपट जाळी जाळी आहे, आमची आई त्याला मळ समजून दर दिवाळीला उटण्याने घासायची, कातडं लाल व्हायचं पण जाळी तिथेच. डोळ्यांतून सारखं पाणी येतं. आणि आता मागच्या महिन्यात कबड्डी खेळून आला तर मांड्यांवर हे मोठे निळे डाग, म्हणून रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ९.२, प्लेटलेट ६१ हजार, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०७. फॅमिली डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केलीत.

मला रात्री झोप येत नाहीये त्याचं कारण वेगळंच आहे. आमचा दादा, म्हणजे या पोराचा मामा, २९ व्या वर्षी गेला, २००६ साली. 'रक्त तयार होत नाही' एवढंच घरात सांगितलं जायचं. परवा आई सहज म्हणाली की दादाची पण नखं अशीच होती गं, आणि विशीतच केस पिकले होते त्याचे. माझ्या अंगावर काटा आला. तोंडाचे डॉक्टर वेगळे, नखांचे वेगळे, रक्ताचे वेगळे, कुणी एकत्र बघितलंच नाही. हे सगळं एकच असू शकतं का? जाणकारांनी प्लीज सांगा.

वामन_पेठकर

ताई राग मानू नका पण सोळा वर्षांची पोरं घरी सांगून खात नाहीत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे पण कुठल्याही कॉलेजच्या बाहेर उभं राहून बघा. आमच्या शेजारचा मुलगा असाच, आईवडील शेवटपर्यंत म्हणत होते आमचा नाही त्यातला. आज त्याचं तोंड दोन बोटं उघडत नाही. आधी त्याच्या मित्रांना विचारा.

सुगरण_सांगलीची

हळद आणि मध लावून बघा जिभेवर, माझ्या मुलीची तोंडं येणं त्याने थांबलं. आणि बीटाचा रस रोज, हिमोग्लोबिन वाढतं.

दातवाला_दीपक

मी ओरल पॅथॉलॉजीवाला आहे, म्हणजे तोंडाच्या आजारांचं निदान करणारा, दिवसभर असले चट्टेच बघतो. वामनराव, तुमचा मुद्दा शंभरातल्या नव्याण्णव केसेसना बरोबर आहे, आपल्याकडे पांढरा चट्टा दिसला की तंबाखू, सुपारी, मिश्री हे विचारायलाच हवं, त्या डेंटिस्टने विचारलं यात काही चूक नाही. चूक झाली ती पुढे. नाही म्हटल्यावर हात बघायला हवे होते. बास एवढंच, नखं दिसली असती.

निशिगंधाताई, पहिली गोष्ट, चट्टा गॉजने हलकेच पुसून निघतो का? निघाला तर ती बुरशी, म्हणजे कँडिडा. निघत नसेल तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि सोळाव्या वर्षी तंबाखूशिवाय ल्युकोप्लाकिया ही सहज सोडून द्यायची गोष्ट नव्हे. सुपारीवाल्यांचं तोंड आतून ताठर होतं, गालात पांढरे पट्टे लागतात, तोंड उघडेना होतं. तुम्ही लिहिलंय ते तसं वाटत नाही, मिसळ झोंबते एवढंच दोन्हीकडे सारखं.

आता मुद्द्याचं. जिभेवर न पुसणारा पांढरा चट्टा, चिरफाळलेली नखं आणि मानेवर-छातीवर जाळीसारखा काळेपणा, ही तीन लक्षणं एकाच माणसात दिसली की पुस्तकात एकच नाव येतं, डिस्केराटोसिस कंजेनिटा. दहा लाखांत एखाद्याला होतो असं म्हणतात. त्वचारोगवाल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वर्णन केलेला आजार आहे, आधी तो कातडीचाच आजार समजत, रक्ताचं नंतर कळलं. डोळ्यांतून पाणी येणं हेही त्यातच बसतं, अश्रूंची नळी अरुंद असते. लवकर केस पिकणं पण. मी इथे बसून निदान करत नाहीये, पण बी-१२ वर भागवू नका, हेमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या डॉक्टरांकडे) न्या, या आठवड्यात.

आणि एक, प्लेटलेट ६१ हजार असताना कुणी 'किडका दात काढून टाकू' म्हणालं तर थांबवा. दात असो की चट्ट्याची बायोप्सी, रक्तवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सुगरणताई, हळद-मधाने काही बिघडणार नाही पण त्या नादात दोन महिने गेले तर बिघडेल.

निशिगंधा_क

दीपक, खूप खूप आभार. आत्ता ताईला व्हिडिओ कॉल लावून गॉजने पुसायला लावलं, निघत नाही. तुम्ही सांगितलेलं नाव टाकून फोटो बघितले आणि फोन खालीच ठेवला, मान हुबेहूब तशीच. कॅन्सर कॅन्सर लिहिलंय सगळीकडे. हे खरंय का?

मज्जारज्जू_नव्हे_मज्जा

(आयडी बघून हसू नका, मज्जारज्जू पाठीच्या कण्यात असतो आणि मज्जा म्हणजे हाडांच्या आतला रक्त बनवणारा गर, ओपीडीत रोज हा फरक समजावतो.) हेमॅटॉलॉजीत आहे. दीपकने बरोबर पकडलंय. तुम्ही कॅन्सरचं विचारलंत म्हणून आधी तेच, पण क्रम लक्षात घ्या, या आजारात आधी धोका असतो तो रक्ताचा. क्लासिक प्रकारात बहुतेकांची अस्थिमज्जा तिशीच्या आत कमी-जास्त थकते, म्हणजे लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही कमी. तुमच्या दादाचं तेच झालं असावं. एमसीव्ही १०७ बघून बी-१२ आठवणं साहजिक आहे पण मज्जा थकायला लागली की लाल पेशी मोठ्या दिसतात, बी-१२ ठणठणीत असलं तरी. तपासली होती का पातळी, का थेट इंजेक्शन?

कॅन्सरचा धोका खरा आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय, त्यात तोंड आणि घसा, त्यातही जीभ, हा सगळ्यात वर येतो, शिवाय रक्ताचे कॅन्सर. सगळ्यांना होतो असं नाही, पण इतरांपेक्षा कितीतरी जास्त जणांना आणि कितीतरी लवकर होतो.

कारण थोडक्यात. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेअर नावाचा भाग असतो, साडीच्या काठाला पिको असतो तसा, तो असला की धागे सुटत नाहीत. पेशी दरवेळी विभागली की तो थोडा आखूड होतो. काही पेशींत तो परत भरून काढणारं यंत्र असतं, टेलोमरेज, त्याच्या शोधाला २००९ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं. या आजारात ते यंत्रच जन्मतः कमजोर. त्यामुळे ज्या पेशी सतत नव्या बनतात, म्हणजे कातडी, नखांचं मूळ, तोंडाचं अस्तर, रक्त, तिथे आधी बोंब होते. फुप्फुसं आणि लिव्हर पण नंतर त्रास देऊ शकतात. म्हणून तुम्हाला सात ठिकाणच्या तक्रारी दिसतायत आणि मूळ एकच.

तपासण्या काय होतील ते सांगतो. मज्जेची तपासणी तर होईलच. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा जवळचा भाऊबंद आहे, त्यातही रक्त कमी होतं आणि तोंडाचा कॅन्सर होतो, तो वगळायला गुणसूत्रं तुटतात का हे बघणारी रक्ततपासणी लागते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, ती या भानगडींवर वर्षानुवर्षं काम करतेय, तुमचे डॉक्टर तिकडे नमुना पाठवू शकतील. टेलोमेअरची लांबी मोजायची खास तपासणी असते, पांढऱ्या पेशींत वयाच्या मानाने अगदी तळातल्या एक टक्क्यात आली की जवळजवळ पक्कं. आणि जीन पॅनेल, म्हणजे या आजाराशी संबंधित जीन एकत्र तपासणं. पॅनेलचं रक्त शक्यतो रक्त चढवायच्या आधी घ्या, चढवलं असेल तर लॅबला सांगा.

आणि हे नीट वाचा. असल्या मुलाला 'अप्लास्टिक अ‍ॅनिमिया' (मज्जा रक्त बनवत नाही) एवढंच लेबल लावून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, एटीजी वगैरे, सुरू झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. अनुवंशिक प्रकारात त्याचा सहसा उपयोग होत नाही, पैसे आणि महिने दोन्ही जातात. म्हणून पहिल्याच भेटीत नखं, मान आणि मामा या तीन गोष्टी स्वतःहून सांगा. आपल्याकडे पेशंट रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवून गप्प बसतो, आणि बाहेर चाळीस जण थांबलेत म्हटल्यावर डॉक्टर मोजे काढा म्हणत नाही.

रक्त लागलंच तर अजून एक. आपल्याकडे लगेच मामा-काका बाह्या वर करून उभे राहतात. त्यांनी ब्लड बँकेत जरूर द्यावं, पण ते याला चढवायचं नाही, पुढे प्रत्यारोपणाची, म्हणजे दुसऱ्याची निरोगी मज्जा द्यायची, वेळ आली तर घरच्यांच्या रक्ताविरुद्ध शरीर आधीच सावध झालेलं नको.

वामन_पेठकर

मागे लिहिलेलं असू द्या पण हे वाचून थक्क झालो. डॉक्टर, मग यावर उपाय काय? मामासारखंच होणार का?

मज्जारज्जू_नव्हे_मज्जा

२००६ आणि आता यात बराच फरक आहे. डॅनाझोल नावाचं जुनं हार्मोनचं औषध आहे, २०१६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात टेलोमेअरच्या आजारांत बहुतेकांची रक्ताची पातळी त्याने सुधारलेली दिसली. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, वाढत्या वयाच्या मुलांत विचार करून देतात, कायमचा इलाज नव्हे. मज्जेसाठी कायमचा इलाज प्रत्यारोपण. पण नेहमीच्या जोरकस केमोने यांची फुप्फुसं आणि लिव्हर कोसळतात, डोस हलका ठेवावा लागतो, त्यामुळे याची सवय असलेलं सेंटरच बघा. आणि दाता म्हणून सख्खं भावंड जुळलं म्हणून नाचायचं नाही, आधी त्याच्यात तोच दोष नाही ना हे बघायचं.

कोल्हापुरी_चप्पल

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, प्रत्यारोपण झालंय, आता नोकरी करतो, वरच्यांनी लिहिलंय ते सगळं आम्ही अंगावर काढलंय म्हणून लिहितोय.

दात्याचं डॉक्टर म्हणाले ते आमच्या घरात अगदी तसंच घडलं. मी शंभर टक्के जुळलो, आईने पेढे वाटले, आणि आठवड्याने जीन रिपोर्ट आला की माझ्यात पण तोच बदल आहे. माझी नखं बरी आहेत, तोंडात काही नाही, मला काही माहीतच नव्हतं. या आजाराचे प्रकार असतात, एक एक्स गुणसूत्रातून आईकडून मुलाकडे येणारा, आमचा तो नाही, दुसरा आहे, त्यात कुणाला लवकर त्रास होतो कुणाला उशिरा. मग बाहेरचा दाता शोधला. तेव्हा ताई, भाच्याला बहीण-भाऊ असेल तर त्याचीही तपासणी सोबतच करून टाका, वेळ वाचतो.

दुसरं, जे आम्हाला उशिरा समजलं. प्रत्यारोपणाने रक्त नवं होतं, जीभ तीच जुनी राहते. लोकांना वाटतं झालं आता बरा झाला. तोंडाचा धोका तसाच राहतो, उलट नंतर जास्तच लक्ष ठेवा म्हणतात. भाऊ दर सहा महिन्यांनी एकाच डेंटिस्टकडे जातो (एकाच, हे महत्त्वाचं, त्यांना आधीचं तोंड पाठ असतं) आणि वर्षातून एकदा कान-नाक-घसावाले दुर्बिणीने घसा बघतात. मधल्या काळात आमची वहिनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाईलने जिभेचे फोटो काढते, चमचा उलटा धरून जीभ बाजूला सारायची, दोन्ही कडा, खालची बाजू, दिवसा खिडकीपाशी. एका फोटोत चट्ट्याच्या कडेला लालसर खरखरीत दिसलं, दोन आठवड्यांत गेलं नाही, बायोप्सी केली, अगदी सुरुवातीचं निघालं, तेवढाच तुकडा काढला. रेडिएशन यांना झेपत नाही म्हणून लवकर सापडण्याला एवढं महत्त्व.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर तांबडा रस्सा बंद, पांढरा चालू. कोल्हापुरात राहून ही शिक्षाच आहे.

दातवाला_दीपक

चप्पलभाऊंच्या वहिनींना माझ्याकडे नोकरी द्यायला तयार आहे. त्यात एवढंच घालतो, चट्टा लाल होणं, मधे जखम पडणं, बोटाला कडक लागणं, यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं की थांबायचं नाही. मऊ ब्रश, अल्कोहोल नसलेला माउथवॉश. तंबाखू, सिगारेट, दारू आयुष्यभर नाही, सुपारी पण नाही, पूजेच्या विड्यातली सुद्धा. आणि एचपीव्हीची लस डॉक्टरांना विचारून मुलालाही देऊन टाका.

निशिगंधा_क

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. मुंबईची अपॉइंटमेंट मिळालीय, ताई-दाजी पोराला घेऊन जातायत. बी-१२ ची पातळी तपासलीच नव्हती, तुमचा अंदाज बरोबर. दाजींना हा धागा वाचायला दिला. काही बोलले नाहीत, संध्याकाळी पोरासाठी आवळा सुपारीची चार पाकिटं घेऊन आले म्हणे.

पण आता घरात नवीनच सुरू झालंय. ताईच्या सासूबाई म्हणतात हे तुमच्या माहेरचं, तुम्ही सांगितलं नाही. ताई रडून बेजार. आणि खरं तर मलाही विचारायचंय, माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, मी रोज रात्री तो झोपला की त्याची नखं बघते. आणि दादाची मुलगी, तो गेला तेव्हा एक वर्षाची होती, आता तिच्यासाठी वहिनी स्थळं बघतेय. तिला काय सांगायचं? सांगायचं का?

मज्जारज्जू_नव्हे_मज्जा

सासूबाईंपासून सुरू करू. ताईंना माहीत नव्हतं ते त्या सांगणार कुठून? ज्या जीनचा इथे दाट संशय आहे तो, डीकेसी-१, एक्स गुणसूत्रावर असतो, १९९८ मध्ये सापडला. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, तिला बहुधा काहीच होत नाही. मुलाकडे एकच. म्हणून मामाला आणि भाच्याला दिसतं, मधली आई ठणठणीत. तसं असेल तर ताईंच्या प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता, प्रत्येक मुलीला वाहक (स्वतःला त्रास नाही पण पुढे देऊ शकणारी) असण्याची पन्नास टक्के. कुणी विचारेलच म्हणून सांगतो, मामाच्या मुलीशी लग्न वगैरे केल्यामुळे हा प्रकार होतो असं नाही, ते दुसऱ्या, दोन्हीकडून येणाऱ्या प्रकारांत लागू होतं.

पण हे सगळं 'तसं असेल तर'. दुसरे जीन पण आहेत, चप्पलभाऊंच्या घरासारखे, त्यात गणित बदलतं. म्हणून आधी भाच्याचा रिपोर्ट. त्याच्यात नेमका बदल सापडला की तेवढाच एक बदल ताईंमध्ये आणि तुमच्यात तपासायचा, सोपी आणि स्वस्त तपासणी असते. तुमच्यात नसेल तर तुमच्या मुलाचा प्रश्न तिथेच मिटला. नखं बघणं बंद करा म्हणणार नाही, माझंही कुणी ऐकलं नसतं, फक्त त्याला जाग येईल असं बघू नका.

दादाच्या मुलीचं जरा वेगळं आहे. तुमच्या दादाला हाच एक्सचा प्रकार असेल तर बापाचा एकमेव एक्स मुलीकडे जातोच, म्हणजे ती नक्की वाहक, पन्नास टक्के वगैरे नाही. तिच्या तब्येतीला सहसा धोका नाही, मुलांचा विचार करताना मात्र तिला माहीत हवं. गरोदरपणात किंवा त्याआधीही तपासण्या करता येतात, जेनेटिक काउन्सेलर नीट समजावतात. सांगायचं का, तर हो, पण भाच्याचा रिपोर्ट हातात आल्यावर आणि आधी तिलाच. ती मोठी आहे, वहिनीमार्फत नको, स्थळाकडच्यांना तर मुळीच नको. कुणाला आणि कधी सांगायचं हे तिचं ती ठरवेल.

कोल्हापुरी_चप्पल

+१, आमच्याकडे आत्याने आधी पूर्ण भावकीत सांगितलं आणि शेवटी माझ्या चुलतबहिणीला, अजून बोलत नाहीत दोघी.

खर्चाचं कुणी विचारलं नाही म्हणून. केंद्र सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, केईएम त्यातलं एक केंद्र आहे. यादीत फॅन्कोनीचं नाव आहे, तुमचा आजार बसतो का हे तिथल्याच लोकांना पहिल्या भेटीत विचारा, नंतर नाही, कागदांना वेळ लागतो.

आणि दादांच्या जुन्या फाइली, माळ्यावर, ट्रंकेत कुठेतरी असतील तर शोधा. डिस्चार्ज कार्ड, मज्जेचा रिपोर्ट, काहीही. आमच्या काकांचा पिवळा पडलेला एक कागद बघून डॉक्टर खुर्चीत सरळ झाले होते.

निशिगंधा_क

आईकडे ट्रंक आहे, किल्ली वहिनीकडे. उद्या कराडला निघतेय, रिपोर्ट आला की इथेच लिहिते. दीपक, तुम्हाला व्यनि केलाय जिभेच्या फोटोंचा, जमेल तेव्हा बघा.